उतरायचं आधी ठरव

चिरंजीव मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एल-१ मणका फुटला, सळ्या आणि स्क्रू बसले, कुबडीवर चालतेस, डावं पाऊल उचलत नाही, घोड्यावरून पडलीस त्याला आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात विसरून जा. मैत्रीण म्हणते उद्याच बस, नाहीतर भीती घर करेल. आई तर या विषयावर बोलतच नाही. आणि तू पाच पानांत पुन्हापुन्हा एकच विचारतेस, ‘कधी बसू?’ अगं, बसल्यावर उतरणार कशी, हे त्या पाच पानांत एकदाही आलेलं नाही. म्हणून लगेच लिहायला बसले.

धीर देणारं काही लिहीत नाही. तबेल्याच्या वासाने जिला रडू येतं, तिला जिद्द शिकवायची नसते. तिला थोडं थांबवायचं असतं, आणि मला तेव्हा थांबवणारं कुणी नव्हतं.

मीही उडीवरूनच पडले. घोडीने ऐन वेळी नकार दिला, मी तिच्या डोक्यावरून पुढे गेले आणि बुडावर आपटले. डी-१२, तुझ्या एल-१ च्या लगेच वरचा मणका. उजव्या पायाला थोडी जाण राहिली, डाव्याला काहीच नाही. सातव्या महिन्यात घरी न सांगता तबेल्यात गेले. दोघांनी उचलून खोगिरावर बसवलं. घोडं साध्या चालीने चालतं तेव्हा त्याची पाठ आपली कंबर पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे हलवते, पायी चालताना हलते तशीच. सात महिन्यांनी माझी कंबर चालत होती. मी मोठ्याने रडले. तुला हेच हवंय ना? मला माहीत आहे.

मग मांड्या आखडल्या. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर स्नायू असे आपोआप आवळतात, हे वॉर्डात सांगितलं होतं. खोगिरावर त्याचं काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. शिकवलेल्या घोडीला मांडीचा दाब म्हणजे ‘पुढे चल’. ती निघाली, मग दुडकीवर आली. हात लगाम ओढतायत आणि पाय तिला पळ म्हणतायत. कशीबशी आवरली तिला, आणि तेव्हा आम्हा तिघांच्या लक्षात आलं की मला खाली कसं घ्यायचं हे कुणालाच ठाऊक नाही. एकाने दंड धरला, दुसऱ्याने कंबर, डावा बूट रिकिबीत अडकलेला. ओढाओढीत सगळं वजन डाव्या पायावर आलं. दुखलं नाही. हसत घरी गेले. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वर मांडी सुजलेली, हात लावला तर गरम. एक्स-रे काढला तर मांडीचं हाड मोडलेलं. ज्या पायांवर वजन पडत नाही त्यांची हाडं पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच ठिसूळ होतात. अकरा आठवडे अंथरूण, त्यात माकडहाडावर झालेली जखम. पंधरा मिनिटांपायी दीड वर्ष गेलं.

म्हणून सांगते, उतरायचं आधी ठरव.

दुसऱ्यांदा मी पिंपावर बांधलेल्या खोगिरापासून सुरुवात केली. तीन आठवडे फक्त उतरणं. आधी दोन्ही पाय रिकिबीबाहेर. ते मदतनीस हाताने काढतो आणि मोठ्याने ‘मोकळे’ म्हणतो, कारण मला कळत नाही. मग मी पुढे वाकायचं, उजवीकडच्याने माझा उजवा पाय मागून घोड्याच्या पुठ्ठ्यावरून पलीकडे आणायचा, मी पोटावर घसरत खाली यायचं, डावीकडच्याने कमरेला धरून माझा वेग मोडायचा. मागे खुर्ची, ब्रेक लावलेली. हे बसलं की घाईचं उतरणं: घोडं बिथरलं तर एका शब्दावर एक जण मला ओढून घेतो आणि लगाम धरणारा घोड्याला पुढे काढतो, माझ्यापासून लांब. आमचा शब्द होता ‘आता’. तो आजही कुणी सहज उच्चारला की माझं अंग सावध होतं.

तुझी दुखापत माझ्याहून खाली आहे. तुझे पाय आखडत नसतील, लोंबत असतील. मग धोका वेगळा. न उचलणारं पाऊल रिकिबीतून पुढे सरकतं आणि अडकतं. पुढून बंद असलेली रिकीब घे. ती तंगाला, म्हणजे घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्याला, बांधायची झाली तर पातळ रबराने, झटक्यात तुटेल अशा. आणि मैत्रीण म्हणते तसं पट्ट्याने खोगिराला बांधून घेणं? नाही. घोडं कोसळलं तर तू त्याच्याखाली. जी गोष्ट तुला वर धरून ठेवते, ती योग्य वेळी सोडतही आली पाहिजे. यावर मी वाद घालणार नाही.

डॉक्टरांना ‘बसू का’ असं विचारत जाऊ नकोस. त्यांना कोणीही असं विचारलं तर ते नाहीच म्हणणार, आणि त्यांची त्यात चूक नाही. मणक्याचा जोड पक्का झालाय का ते विचार. हाडांच्या घनतेची तपासणी करून घे. मांड्या खोगिराएवढ्या फाकतात का ते फिजिओथेरपिस्टला बघू दे. बसण्याआधी लघवी करून ये. खोगिरावर मेंढीचं कातडं घाल, आणि उतरल्यावर आरसा घेऊन बैठकीची कातडी बघ. अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर ती पूर्ण जाईपर्यंत खोगीर बंद.

तुला लिस हार्टेलचा फोटो कुणीतरी पाठवलाच असेल. मलाही पाठवला होता. पोलिओने तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले होते, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला तिने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली काटेकोर करून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवलं, १९५६ मध्ये पुन्हा. पदकाबद्दल सगळे बोलतात. तिला घोड्यावर चढायला आणि उतरायलाही माणूस लागायचा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पदकापेक्षा त्याच गोष्टीने मला जास्त धीर आला.

‘नुसती साधी चाल म्हणजे घोडेस्वारी नव्हे’ असं लिहिलंयस. ते वाक्य खोडून टाक. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाज आहे, आणि त्यातल्या पहिल्या ग्रेडचे, म्हणजे सर्वांत जास्त अपंगत्व असलेले, स्वार साध्या चालीवरच पदकं जिंकतात. मी तीन वर्षं चालीवरच होते. पायांच्या जागी दोन हातांत दोन छड्या, आणि आवाज. त्या तीन वर्षांत माझी मांड जितकी पक्की झाली, तितकी उड्या मारत होते तेव्हा कधीच नव्हती.

आता तुझ्या घोड्याचं. सुरुवात त्याच्यावर नको. तो तापट आहे, पायाच्या इशाऱ्यावर चालणारा आहे, आणि तुझे पाय आता वेगळं बोलतात. मी माझी घोडी विकली. लोक म्हणाले, पाडल्याचा राग काढला. नऊ वर्षं मीच तिला मांडीच्या नुसत्या स्पर्शावर तयार केलं होतं. त्या आखडणाऱ्या पायांखाली तिला रोज गोंधळात टाकणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. तिला धावायला हवं होतं. मला रॅम्पपाशी दगडासारखं उभं राहणारं, दोन्ही बाजूंनी माणसं चालू देणारं जनावर हवं होतं. मी बरोबर केलं. आजही तेच म्हणेन, कुणीही विचारलं तरी. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना हात थरथरतो, ते सोड. चुकले ते एवढ्याच बाबतीत, की ती गाडीत चढली तेव्हा मी गेले नाही. खुर्ची चिखलात रुतेल असं सांगितलं. पाऊस झालाच नव्हता. तुझा घोडा जायची वेळ आली, तर तू जा. त्याच्या नाकाला हात लाव.

आणि आई. मी माझ्या आईपासून लपवलं आणि मोडलेला पाय घेऊन तिच्यासमोर गेले. त्यानंतर ती मला घोड्यावर बघायला कधी आली नाही, आणि मी तिला दोष देत राहिले. तू तसं करू नकोस. चढताना बघायला बोलावू नकोस, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पिंपावर उतरण्याचा सराव सुरू केलास की बोलाव. तुला उतरवणाऱ्या दोघांची जागा तिला दाखव, शब्द तिला सांग. हवं तर तो शब्द तिलाच ठरवू दे.

वीस वेळा नीट उतरलीस की मला कळव. घोडा कोणता आणि दिवस कोणता, हे त्यानंतर बोलू.

तुझी,
मावशी

ता.क. हेल्मेट नवं घे. पडलीस तेव्हा घातलेलं वरून धड दिसत असलं तरी आतून गेलेलं असतं. आठवण म्हणून ठेवायचं तर ठेव, पण तबेल्यात नेऊ नकोस.