वडील चिपळूणला आयसीयूत आहेत. 'मशीनवर गेला तो परत येत नाही' असं वाडीत म्हणतात, ते खरं का?

नाही. आमच्या राजापुराकडेही 'मशीनवर ठेवलाय' म्हटलं की लगेच मुंबईकरांना फोन सुरू होतात. पण हे मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर, हा आजार नव्हे; फुप्फुसं सावरेपर्यंत तो श्वासाचं काम उचलतो. मूळ दुखणं काय, वय किती, यावर बरंच ठरतं. आणि मशीन कसं चालवतात यावरही.

२००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. रुग्ण ८६१, सगळे एआरडीएसचे, म्हणजे फुप्फुसं गंभीर सुजलेले. दर श्वासाला किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली (किलो उंचीवरून काढलेले, काट्यावरचे नव्हेत), तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. मोठा श्वास चांगला, हा समजच मोडला! २०१३ मध्ये फ्रान्स-स्पेनच्या अभ्यासात एआरडीएसच्याच अतिगंभीर रुग्णांना रोज बराच वेळ पालथं झोपवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३३ वरून १६ टक्क्यांवर आले. तेव्हा बाबांना पालथं ठेवलेलं दिसलं तर घाबरू नका.

शुद्धीवर येताना ते कदाचित असंबद्ध बोलतील, तारीख-वार विसरतील. भानावर यायला मदत म्हणून त्यांचा चष्मा, कानाचं मशीन असेल तर घेऊन जा, घरातलं काहीबाही बोलत राहा.