भाची जे-१ व्हिसावर वर्षभर फ्लोरिडाला चाललीये, तिथं सुरक्षित राहायला तिला काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की भाची रत्नागिरीची, २२ वर्षांची, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, एक्स्चेंज व्हिजिटर म्हणून तिकडच्या हॉटेलात ट्रेनिंगला जातेय आणि घरात सगळे बंदुकांच्या बातम्या बघून घाबरलेत. मी याच व्हिसावर फ्लोरिडाच्याच अटलांटिक बाजूच्या एका बीचवाल्या गावात वर्ष काढून आलोय. पोलिसांच्या कमरेची सोडली तर बंदूक एकदाही दिसली नाही. जीवावर बेतलं ते पाण्यात, आणि ते माझ्याच अतिशहाणपणामुळं.

आमचं घर मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या शेजारी. घरगुती खानावळ आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. लहानपणापासून बघतोय, घाटावरून गाड्या येतात, बाबा सांगतात ओहोटी लागलीये आत्ता उतरू नका, ते हसतात आणि मोबाईल हातात धरून कमरेभर पाण्यात जातात आणि मग किनाऱ्यावर बोंबाबोंब. आम्ही पोरं म्हणायचो काय येडी माणसं आहेत. तर तिथं दुसऱ्याच आठवड्यात, लाल झेंडा लागलेला असताना मी पाण्यात उतरलो, कारण काय तर मी दर्याकाठचा, मला कोण शिकवणार. पाच मिनिटांत रिप करंटनं, म्हणजे किनाऱ्यापासून खोल पाण्याकडं जाणाऱ्या ओढीनं, आत ओढला. नशीब एवढंच की आमच्याकडचे मच्छीवाले लहानपणी सांगायचे ते आठवलं, ओढीच्या उलट किनाऱ्याकडं हात मारत बसायचं नाही, दमून बुडशील, अंग सैल सोडून तरंगायचं, मग किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीतून बाहेर पडायचं आणि तिथनं आत यायचं. तसाच आलो. लाईफगार्डनं सगळ्यांसमोर झापलं. तिथं एक लाल झेंडा म्हणजे धोका जास्त, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे, आणि हे बीचवर जिथं चढतो तिथंच बोर्डावर लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं की इथं घाटावरचा मीच आहे. भाचीला बाकी काही नाही तर हे नक्की सांगा.

कारण पुढं सगळीकडं हेच होतं, आपली सवयच आपल्याला गोत्यात आणते. रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडं बघतो, तिथं गाडी डावीकडनं येते. कामावर जायला बरेच जण सेकंडहँड सायकल घेतात आणि रात्रीची शिफ्ट संपवून अंधारात विनालाईट येतात, तर सायकल घेतली की त्याच दिवशी पुढंमागं लाईट लावायचा आणि गाड्या ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं चालवायची. आणि पोलीस. माझा रूममेट पुण्याचा, गाडी चालवत होता, मागून दिवे लागले तशी यानं बाजूला घेतली आणि कागद घेऊन उतरायला लागला, आपण हवालदाराकडं जातो ना, तसा. मागून लाऊडस्पीकरवर असा आवाज आला की आमचं दोघांचं रक्त गोठलं. तिथं उतरायचं नाही, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, कागद काढायचा तर आधी सांगायचं की समोरच्या कप्प्यात आहे, काढतो.

कागदांचं. पासपोर्ट आणि डीएस-२०१९ (प्रोग्रॅमचा स्पॉन्सर, म्हणजे तो चालवणारी संस्था, देते तो जे-१ चा फॉर्म) स्वतःकडंच, फोटो घरी पाठवून ठेवायचे. आमच्याकडं एका सुपरवायझरनं 'सेफ ठेवतो' म्हणून दोन मुलींचे पासपोर्ट मागितले होते. मालकानं पासपोर्ट अडकवून ठेवणं तिथं बेकायदा आहे, गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. व्हिसाच्या वेळी हक्कांचं एक पत्रक देतात ते बहुतेक जण विमानतळावरच टाकून देतात, त्यात हे सगळं असतं आणि मानवी तस्करीविरोधी हेल्पलाईनही असते, १-८८८-३७३-७८८८. डीएस-७००२ नावाच्या फॉर्ममध्ये काय ट्रेनिंग मिळणार ते लिहिलेलं असतं, ते सोडून भलतंच काम करून घेत असतील तर हॉटेलशी भांडत न बसता स्पॉन्सरला कळवायचं. प्रोग्रॅम स्पॉन्सरच्या जबाबदारीवर चालतो, हॉटेल फक्त यजमान. घर बदललं तरी १० दिवसांत त्यांनाच कळवायचं असतं.

इमिग्रेशनमधून बोलतोय, अटक होईल, गिफ्ट कार्ड घेऊन नंबर सांग, असा फोन आला तर कट करायचा. आपल्याकडचं डिजिटल अरेस्ट तेच.

इन्शुरन्स सक्तीचा आहे, आजार किंवा अपघातामागं किमान १ लाख डॉलरचा, आणि मृतदेह मायदेशी पाठवायला २५ हजार डॉलर वेगळे. आमच्या आईनं ते कलम वाचलं आणि दोन दिवस जेवली नाही, त्यामुळं ताईला पॉलिसी दाखवू नका. पण भाचीला वाचायला लावा, पहिले किती डॉलर स्वतःच्या खिशातनं जातात (५०० पेक्षा जास्त नसावेत) आणि जवळचं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्यांचा दवाखाना, कुठं आहे. ताप-खोकल्यासाठी इमर्जन्सी रूममध्ये गेलं की बिल बघून ताप उतरतो. जीवाचा प्रश्न असेल तर मात्र पैशाचा विचार न करता ९११ ला फोन.

वादळाचा सीझन जून ते नोव्हेंबर. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तुम्ही बघितलं असेलच, दापोली-मंडणगडच्या बागा कशा झोपल्या ते. आपल्याकडं माणूस घर सोडत नाही, कौलं धरून बसतो. तिथं किनाऱ्यालगत इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे वादळाच्या वेळी रिकामे करायचे भाग, असतात, गेल्या गेल्या आपला झोन कोणता ते विचारून ठेवायचं आणि निघा म्हटलं की निघायचं. तिच्याकडं गाडी नसणार, म्हणून कुणाबरोबर जाणार ते आधीच ठरवून ठेवायला सांगा.

आणि फोनची वेळ ठरवा. फ्लोरिडाचा बहुतेक भाग उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. माझा फोन एकदा रात्रभर बंद राहिला, तर आईनं शेजारच्या पोराला बसवून थेट स्पॉन्सरला मराठीत ईमेल करायला लावला, आणि सकाळी मॅनेजर माझ्या दाराशी उभा, हातात त्याची प्रिंट, विचारतोय हे काय लिहिलंय.