स्पोर्ट्सबाईकच्या मीटरवर १७८ आणि जीपीएसवर १६४ दिसत असेल, तर खरा टॉप स्पीड कोणता?

खरा वेग १६४ च्या जवळपासचा आहे. तुमची गाडी चारशे सीसीच्या आतली, एका सिलिंडरची आहे. सहाव्या गिअरमध्ये टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारे मीटर) ९,७०० च्या आसपास असताना मीटरने १७८ दाखवले आणि त्याच वेळी हँडलवरच्या फोनमधल्या जीपीएस अ‍ॅपने १६४ दाखवले, तेव्हा मीटर बिघडले आहे का आणि वॉरंटीत बदलून मागावे का, असे तुम्ही विचारले आहे. मीटर बिघडलेले नाही. बदलून घेतलेत तरी नवे मीटरही जवळपास हेच दाखवील. योगायोगाने माझ्याकडेही याच मॉडेलची गाडी चार वर्षांपासून आहे, त्यामुळे पुढचे आकडे मी याच गाडीचे देत आहे.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे. परंतु तो कसा असावा याचा जगभर वापरला जाणारा दाखला म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम. त्याचे सूत्र साधे आणि एकतर्फी आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवायचा नाही, आणि जास्त दाखवला तर मान्यता-चाचणीत तो फरक खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर यापेक्षा मोठा असता कामा नये. म्हणजे खरा वेग १०० असेल तर मीटरवर १०० ते ११४ यांतले काहीही चालते, ९९ मात्र चालत नाही. हेच सूत्र तुमच्या १६४ ला लावून पाहिले, तर सुमारे २० किलोमीटरची मुभा निघते; तुमचा फरक १४ चा आहे.

आता कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मीटरला वेग थेट कळत नाही. चाकाशेजारचा सेन्सर एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेच्या) दातेरी कड्यावरून येणारे ठोके मोजतो आणि चाकाचा घेर ठरलेला धरून त्या ठोक्यांचा वेग बनवला जातो. प्रत्यक्षात तो घेर कधीच ठरलेला नसतो. नवा टायर आणि गुळगुळीत झालेला टायर, हवा बरोबर भरलेली आणि चार पौंड कमी असलेली, एकटा सडपातळ स्वार आणि मागे बसलेला जाडजूड मित्र, या सगळ्यांनी तो थोडाथोडा बदलतो. कंपनीने मीटर अगदी काटेकोर लावले, तर नवा टायर आणि पूर्ण हवा असलेल्या काही गाड्या खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवतील, आणि तेवढ्याने नियम मोडेल. म्हणून सगळीच मीटरे मुद्दाम वरच्या बाजूला सरकवून ठेवलेली असतात. बहुतेक गाड्यांत ही वाढ फक्त दाखवल्या जाणाऱ्या वेगाला केलेली असते, किलोमीटरच्या नोंदीला नाही. त्यामुळे आपल्या ॲव्हरेजचा हिशेब त्याने फारसा बिघडत नाही.

माझ्या गाडीचा फरक मी नीट मोजून ठेवला आहे. मीटरवर ६० स्थिर ठेवले तर जीपीएस ५६ दाखवते, ८० ला ७५, १०० ला ९३. पुढचा टायर पुरता झिजलेला असताना मीटरवरच्या १०० ला ९२ येत होते. ११०/७० मापाचा नवा टायर बसवून आणला आणि त्याच रस्त्यावर ९३ आले. एक किलोमीटरचा हा फरक कागदावरही तंतोतंत सुटतो. या टायरचा व्यास सुमारे ५८६ मिलिमीटर, झिजीत गेलेली जाडी दोन्ही बाजूंची मिळून ६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १ टक्का. हे गणित जुळले त्या संध्याकाळी मला जेवढा आनंद झाला, तेवढा टॉप स्पीड पाहून कधी झालेला नाही.

जीपीएसवर विश्वास का ठेवावा, अशी शंका तुम्ही पुढे काढालच, म्हणून जीपीएस बाजूला ठेवून दोन पडताळे देतो. पहिला गिअरचा. गाडीच्या पुस्तिकेत प्रायमरी (इंजिनापासून क्लचपर्यंतचे) गुणोत्तर ३०:८० आणि सहाव्या गिअरचे २५:२१ दिलेले आहे, चेनच्या दातेरी चक्रांचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दाते पुढे १५ आणि मागे ४५ आहेत. या तिन्हींचा गुणाकार केला की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) ६.७२ वेळा फिरल्यावर मागचे चाक एकदा फिरते, असे निघते. मागच्या १५०/६० टायरचा घेर साधारण १.९२ मीटर आहे. तेव्हा ९,७०० आरपीएमला गणिताने १६६ किलोमीटरचा वेग येतो, आणि स्वाराच्या वजनाने टायर किंचित दबतो हे धरले की दोनेक किलोमीटर आणखी वजा होतात. १७८ खरे असायला टॅकोमीटर १०,४०० च्या घरात असायला हवा होता. टॅकोमीटर थेट इंजिनाचे फेरे मोजतो. टायरच्या घेराशी त्याचा संबंध नसल्याने या बाबतीत तो अधिक भरवशाचा साक्षीदार आहे.

दुसरा पडताळा हवेचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. १६४ वरून १७८ ही वाढ दिसायला साडेआठ टक्के आहे, पण तिच्यासाठी शक्ती सुमारे २८ टक्के जास्त लागेल. म्हणजे ४० अश्वशक्तीच्या इंजिनाने ५१ अश्वशक्ती काढायला हवी. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून ‘दहा किलोमीटर वाढले’ असे सांगणाऱ्यांना मी हाच हिशेब विचारतो, आणि बहुतेक वेळा विषय बदलतो. त्यापेक्षा छाती टाकीला टेकवून, कोपरे आत घेऊन, हेल्मेट काचेच्या मागे नेले तर फुकटात जास्त मिळते.

तुमच्या गाडीत बदल केलेले असतील, तर मात्र वरचे गणित पुन्हा मांडावे लागेल. पुष्कळजण पिकअपसाठी पुढचा स्प्रॉकेट एका दाताने लहान करतात. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवरून मोजला जातो, त्यांत १५ च्या जागी १४ दाते बसवले की मीटर आणखी सात टक्के चढे दाखवू लागते. सेन्सर चाकावर असेल, तर काहीच फरक पडत नाही. मागे १५०/६० च्या जागी १४०/७० टायर बसवला तर घेर अडीच टक्क्यांनी वाढतो, पण तो मीटरला कळतो की नाही, हे सेन्सर कोणत्या चाकावर आहे त्यावर ठरते. वळणात गाडी झोपवली की टायर कडेच्या, लहान घेरावर लोळतो, म्हणून तेव्हा दिसणारा आकडा आणखी फुगीर असतो.

मोठ्या गाड्यांच्या दंतकथाही या चष्म्यातून पाहाव्यात. सुझुकीची हायाबुसा १९९९ मध्ये आली तेव्हा तिचा प्रत्यक्ष मोजलेला वेग ३१२ च्या आसपास होता, आणि तो खरोखरच अफाट होता. पुढे युरोपात अशा गाड्यांवर बंदी येईल या धास्तीने कंपन्यांनी आपसांत समजूत करून २९९ ची मर्यादा पाळायला सुरुवात केली. हायाबुसाच्या स्पीडोमीटरच्या तबकडीवरून २८० च्या पुढचे आकडेही गेले. तुर्कस्तानचा शर्यतपटू केनान सोफुओग्लू याने ३० जून २०१६ रोजी उस्मानगाझी पुलावर कावासाकी एच-टू-आर २६ सेकंदांत ४०० वर नेली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. पराक्रम मोठाच आहे, पण व्हिडिओत दिसणारे ४०० हे डॅशबोर्डवरचे आहेत. याउलट २०२३ मध्ये मोटोजीपी शर्यतपटू ब्रॅड बिंडरच्या नावावर इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकवर ३६६.१ ची नोंद झाली, ती रस्त्याकडेच्या मोजणी-यंत्राने. दोन आकडे एकाच तागडीत घालण्यात अर्थ नाही.

तुम्हाला पुन्हा मोजायचे असेल, तर फोनपेक्षा सेकंदाला दहा किंवा अधिक वेळा नोंद करणारा जीपीएस लॉगर मागून आणा. फोन साधारण सेकंदाला एकदाच नोंद करतो, त्यामुळे वेग वाढत असताना तो मागे राहतो, मात्र वेग काही सेकंद स्थिर ठेवला तर त्याचा आकडाही चांगला असतो. एकाच सपाट पट्ट्यावर दोन्ही दिशांनी पळवा आणि सरासरी घ्या, म्हणजे वारा आणि उतार वजा होतात. जागा ही खरी अडचण आहे. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवरची सरळ वाट इतकी आखूड आहे की तिथे गाडी पूर्ण वेगाला पोचण्याआधीच ब्रेक धरावा लागतो. इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक २०२१ पासून आहे, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराची सरळ वाट आहे आणि तिथे ट्रॅक-डे (हौशी चालकांना पैसे भरून ट्रॅकवर गाडी पळवता येते असे दिवस) होतात, तेवढा खर्च झेपत असेल तर तो मार्ग उत्तम. तुम्ही १६४ कुठे गाठलेत हे लिहिलेले नाही आणि मीही विचारत नाही; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दोन्ही दुचाकींना बंद आहेत, आणि चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ८० आहे, एवढे नमूद करतो.

वॉरंटीचे म्हणाल, तर सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी फक्त एक गोष्ट पाहा. टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच असताना, सरळ रस्त्यावर ५० किंवा ६० स्थिर ठेवून, मीटर जीपीएसपेक्षा कमी दाखवत असेल किंवा आकडा मध्येच शून्यावर येऊन पुन्हा उडी मारत असेल, तर सेन्सर, त्याची वायर आणि चाकावरचे कडे तपासून घ्या आणि तक्रार लेखी नोंदवा. १७८ आणि १६४ वर कोणीही मीटर बदलून देणार नाही.