ड्युरंट खरा, बोहॅनन खोटा

प्रश्न : भाऊ, लेकानं मोबाईलवर 'हेल ऑन व्हील्स' लावून दिली, अमेरिकेत आरपार रेल्वे कशी टाकली त्याची सिरियल, पाचही सीझन संपवले, दोनदा तर रात्रीची लाईट आली तरी मोटार चालू करायला गेलो नाही. त्यातला तो ड्युरंट बघून वाटलं आपलाच कुणी गुत्तेदार आहे. हे खरं घडलंय का? आणि त्यांनी सहा वर्षांत एवढी लाईन टाकली, आमच्या बीडला गाडी यायला तीस वर्षं का लागली?
– एक वाचक, बीड

उत्तर : दादा, ज्याच्यापायी तुमचं पाणी राहिलं तो सिरियलचा हिरो बोहॅनन नुसता रचलेला, त्याचा साथीदार एलमसुद्धा. ड्युरंट मात्र अस्सल खरा, पूर्वेकडून लाईन टाकणाऱ्या युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचा व्हाईस प्रेसिडेंट, आणि गुत्तेदार म्हणलात ते तर लईच बरोबर. पहिल्याच एपिसोडात इंजिनिअर नकाशावर सरळ लाईन दाखवतो तर हा भडकतो, आठवतंय का, कारण 1862च्या कायद्यानं सरकार मैलामागं कर्जरोखे द्यायचं, सपाटीला 16 हजार डॉलर, डोंगरात 48 हजार, मग लाईन वाकडी तेवढं बिल मोठं. खऱ्या ड्युरंटनं ओमाहातून निघतानाच वळसा घालून 9 मैल वाढवले होते. वरून क्रेडिट मोबिलिए नावाची कंपनी काढून रेल्वेचं गुत्तं आपल्याच टोळीला दिलं. एमबी (कामाच्या मोजमापाचं पुस्तक) भरणारा आणि बिल उचलणारा एकाच घरातले असले की काय होतं ते आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको.

सहा वर्षांचं गुपितही तेच, जेवढे रूळ तेवढा पैसा, म्हणून दोन्हीकडून दोन कंपन्या नुसत्या पळत होत्या, सॅक्रामेंटोकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिकनं तर 28 एप्रिल 1869ला एका दिवसात 10 मैल टाकले. सिएरा नेवाडाचा डोंगर फोडला तो बहुतेक चिनी मजुरांनी, सिरियलमधी ते दिसतात पार शेवटच्या सीझनला, हे मला खटकलं. आपली नगर-बीड-परळी 261 किलोमीटरची, 1995च्या सुमारास मंजूर, निम्मा पैसा केंद्राचा निम्मा राज्याचा, त्यात जमिनी घ्यायच्या, पळणार कोण? बीडला गाडी लागली 17 सप्टेंबर 2025ला.

सिरियलचं नाव पण खरं बरं का, रुळांबरोबर पुढं सरकणाऱ्या तंबू-दारू-जुगाराच्या वस्तीला तेव्हा हेच म्हणायचे.

आणि एक किस्सा ऐका. दोन्ही लाईनी जुळल्या तिथं, युटात प्रोमोंटरीला, शेवटचा सोन्याचा खिळा ठोकायचा होता 8 मे 1869ला, ठोकला 10 तारखेला, कारण वाटेत पगार थकलेल्या मजुरांनी ड्युरंटचा डबाच अडवून धरला, आधी पैसे टाक मग पुढं जा. पैसे आले तेव्हाच सोडला.