कॅल्क्युलेटरलाही पाढे लागतात

प्रश्न : लेक इथे अकरावीला आहे. शाळेसाठी घेतलेल्या जुन्या टीआय-84 प्लस कॅल्क्युलेटरवर तिने मँडेलब्रॉटची आकृती (गणितातून निघणारी एक नक्षी) काढणारा, बेसिक या त्यातल्या सोप्या भाषेतला प्रोग्रॅम लिहिला. जेवायला बसताना लावला, झोपायच्या वेळी चित्र अर्धंच! आता म्हणते, कॅल्क्युलेटरवर कंपायलर टाकते. खूळच ना हे?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : खूळ नाही हो, करू द्या तिला.

त्या आकृतीच्या प्रत्येक ठिपक्यासाठी पुन्हा पुन्हा गुणाकार करावे लागतात. त्या यंत्रातली झेड80 चिप 15 मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दीड कोटी ठोक्यांची, आणि तिला गुणाकार येतच नाही. दुप्पट येते, बेरीज येते. आमच्या कॉलेजातल्या 8085 चिपच्या किटचंही तेच. एका संख्येचे आठ बिट, म्हणजे 0 किंवा 1 हे अंक, एकेक बघत जायचं: दुप्पट करा, बिट 1 असेल तर बेरीज, असं आठ वेळा. झेड80 वर या फेऱ्यांना 283 ते 331 ठोके पडतात. पैकी शंभरेक ठोके नुसते 'फेरी संपली का?' विचारण्यात जातात! आठही पायऱ्या एकाखाली एक लिहून काढल्या की तेवढे वाचतात. मेमरी थोडी जास्त लागते, लागू दे.

बेसिक मात्र प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने वाचतं. शिवाय साधा 2 सुद्धा नऊ बाइटांत, 14 दशमान अंकांनी ठेवतं. 96 बाय 64 ठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला हे म्हणजे भाजी तोलायला सोनाराचा काटा. त्यापेक्षा रुपये सोडून पैशांत हिशेब करावा, फक्त रुपयाचे पैसे 100 नाही, 256 धरायचे, कारण एका बाइटात 256 वेगवेगळे आकडे मावतात. मग गुणाकारानंतर 256 ने भागणं म्हणजे शेवटचा बाइट टाकून देणं, बस्स.

अ‍ॅक्स नावाचा कंपायलर या कॅल्क्युलेटरवरच चालतो. तो प्रोग्रॅम एकदाच यंत्रभाषेत उतरवतो. दहाने गुणायचं असेल तर आठपट अधिक दुप्पट, एवढंच करून मोकळं होता येतं, हे त्याला आधीच दिसतं. आपली जुनी माणसं पावकी-दीडकी पाठ करत, तसंच. चित्र मिनिटा-दोन मिनिटांत यावं.

एक मात्र सांगा तिला. यंत्रभाषेत चूक झाली की ऑन दाबून सुटका नाही. सेल काढावे लागतात आणि रॅम कोरी होते. तेव्हा चालवण्याआधी मूळ प्रोग्रॅम आर्काइव्हमध्ये, म्हणजे सेल काढले तरी टिकणाऱ्या मेमरीत, टाकायचा. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तर हात लावायचाच नाही.