दोन रकाने वेगळे ठेव

प्रिय बाय,

तुझा लेख वाचला. सुरक्षेचं राजकारण सत्ताधारी करतात की विरोधक, या प्रश्नात तू अडकलीस आणि शेवटी दोघांना अर्धा अर्धा दोष वाटून मोकळी झालीस. याला समतोल म्हणत नाहीत. निर्णय आणि त्याचा प्रचार तू एकाच वाक्यात कालवलास, गोंधळ तिथेच झाला.

वहीचं पान मधोमध आख. डावीकडे निर्णय लिही: तारीख, करार किंवा आदेश, पैसा. उजवीकडे पक्षांनी त्याचं काय केलं: कुठली सभा, कुठला जाहीरनामा, कधी. हे दोन रकाने वेगळे ठेव. कितीही घाई असू दे, वेगळेच ठेव.

आपल्या घरचंच उदाहरण घे. 18 डिसेंबर 1961 ला सैन्य गोव्यात शिरलं, 19 ला पोर्तुगीज शरण आले. फेब्रुवारी 1962 च्या लोकसभा निवडणुकीत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईत आचार्य कृपलानींविरुद्ध जिंकले. तारखा शेजारी ठेवल्या की 'मतांसाठी गोवा घेतला' असं लिहायचा मोह होतोच. पण डाव्या रकान्यात 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात पडलेले सत्याग्रही आहेत, नोव्हेंबर 1961 मध्ये पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर झालेला गोळीबार आहे. मेननना फायदा झाला असेल. फायदा झाला म्हणजे हेतू तोच होता, हे सिद्ध होत नाही. आणि त्याच वर्षी चीन युद्धात त्यांचं मंत्रिपद गेलं, तेव्हा निवडणुकीचा कौल हा संरक्षण खात्याच्या तयारीचा दाखलाही नसतो.

आकड्यांत तर तू फारच घाई केलीस. '2025-26 मध्ये शस्त्रखरेदीचा पैसा जवळपास 13 टक्क्यांनी वाढला', हे वाक्य कुणाच्या भाषणातून उचललंस? भांडवली तरतूद 1,80,000 कोटी, हे बरोबर. आदल्या वर्षीची मूळ तरतूद 1,72,000 कोटी होती, सुधारित अंदाजात, म्हणजे वर्षाअखेरीस पुन्हा मांडलेल्या हिशेबात, ती 1,59,500 कोटींवर आली. सुधारिताशी तुलना केलीस तर वाढ 12.9 टक्के दिसते, मुळाशी केलीस तर 4.65. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणूनच फसायला होतं. नेहमी मूळ तरतूद मूळ तरतुदीशीच ताडून पाहा, आणि सुधारितात 12,500 कोटी का कमी झाले हे वेगळं विचार. खरा प्रश्न तोच आहे, आणि तो दोन्ही बाजूंचे प्रवक्ते टाळतात. 2025-26 च्या संरक्षणाच्या एकूण 6.81 लाख कोटींमधले सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे होते, हेही विसरू नकोस.

वास्कोच्या गोवा शिपयार्डाचंही तसंच. 'त्रिपुट' युद्धनौकेचं जलावतरण 23 जुलै 2024 ला झालं, करार जानेवारी 2019 चा. जलावतरण म्हणजे सांगाडा पाण्यात उतरला. पुढे यंत्रं, शस्त्रं, समुद्रातल्या चाचण्या, मग हस्तांतरण. फलकवाल्यांना पहिल्या नारळालाच जहाज मिळतं. तुला मिळता कामा नये.

गणवेशालाही भुलू नकोस. 2024 ला दक्षिण गोव्यात निवृत्त नौदल अधिकारी विरियातो फर्नांडिस निवडून आले, उत्तरेत माजी संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक. दोघांचंही म्हणणं कागदाशी ताडूनच लिही. प्रचारात जवानांची छायाचित्रं वापरू नका, असं निवडणूक आयोगाला 9 मार्च 2019 ला पुन्हा बजावावं लागलं, ते उगाच नाही.

मला लोक हेकट म्हणतात. म्हणू देत. रकाने मिसळणाऱ्यांचे लेख पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकलेले मी पाहिलेले नाहीत.

आता अग्निपथ या सैन्यभरतीच्या योजनेवर लिहिणार म्हणतेस. डावीकडे: 14 जून 2022 ची घोषणा, चार वर्षांची सेवा, 25 टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना सेवा संपताना सुमारे 11.71 लाखांचा एकरकमी सेवानिधी. उजवीकडे: 2024 मध्ये काँग्रेसचं योजना रद्द करण्याचं आश्वासन, भाजपचा बचाव. मग फोंडा-पेडण्यातल्या, भरती झालेल्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना भेट. आधी ते पान मला पाठव, लेख नंतर.