एंटर दाबलं की उजवीकडे

प्रश्न : गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची नोंद मी एक्सेलमध्ये करते. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) असे चार आकडे एका ओळीत टाकायचे असतात. पण एंटर दाबलं की चौकट खाली जाते, मग दर वेळी माउस हातात घ्यावा लागतो. समोर कॅन घेऊन रांग उभी असते. शिवाय गेल्या आठवड्यापासून बाणाचं बटण दाबलं की सगळं पानच सरकतं. काय करू? – एक वाचक, शिराळा

उत्तर : ताई, पान सरकतं त्याचं आधी सांगते, ते एका बटणाचं काम आहे. स्क्रोल लॉक चालू राहिलंय. कीबोर्डवर ते बटण नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर कीबोर्ड येईल, त्यातलं स्क्रोल लॉक बंद करा.

आता एंटरचं. कोणीही सांगेल, टॅब वापरा. तीन टॅब मारून चौथ्या आकड्यानंतर एंटर दाबलं की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येता, हे खरंच आहे. पण टॅब डाव्या टोकाला, आकड्यांची बटणं उजव्या टोकाला, आणि तुमचा डावा हात तेव्हा पावती फाडत असणार. सगळं काम उजव्या हातातच राहायला हवं.

फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जा. अगदी वर एंटरनंतर चौकट कुठे जावी ते विचारलेलं आहे. तिथे डाउन काढून राइट करा. लिबरऑफिस कॅल्कमध्येही अशी सोय आहे, टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये. ही निवड फाइलपुरती नसते, त्या संगणकावरच्या एक्सेललाच लागू होते. त्यावर आणखी कोणी बसत असेल तर आधी सांगून ठेवा.

एवढ्यानं अर्धंच काम होतं, कारण चौथ्या आकड्यानंतर चौकट पाचव्या रकान्यात जाईल. म्हणून नोंदी सुरू करण्याआधी जागा आखून घ्या. रकान्यांच्या वर डावीकडे पत्ता दाखवणारी चौकट असते, तिच्यात ए२:डी१४१ असं रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबा. आता डी२ नंतरचं एंटर आपोआप ए३ वर नेईल. मागे यायचं तर शिफ्ट आणि एंटर. बाण किंवा माउस लागला की ही आखणी मोडते. मोडलीच तर रिकाम्या ओळीच्या पहिल्या घरात जा, एफ८ दाबून सोडा, उजवा बाण तीनदा, मग पेज डाउन, शेवटी एस्केप. शिफ्ट धरून ठेवायची गरज नाही.

सभासदाचं नाव, दर आणि रक्कम ही सूत्रं ई रकान्यापासून उजवीकडेच ठेवा. मध्ये ठेवलीत तर घाईत एखाद्या सूत्रावर आकडा पडेल.

हे इतकं बारकाईनं सांगते, कारण मी २२ वर्षं एका पतसंस्थेत नोंदी केल्या. २००९ च्या मार्चअखेरीस मध्येच एक फोन घेतला आणि परत टाइप करायला लागले ते एक ओळ खाली. २१ जणांचे हप्ते शेजारच्या खात्यांवर चढले. एकूण बेरीज मात्र जुळत होती, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. पुढे एक आजोबा पासबुक घेऊन आले तेव्हा उलगडा झाला. ते तीन वेळा खेपा घालून गेले होते, हे मला आजही लागतं.

म्हणून सभासद क्रमांक टाकून एंटर दाबलंत की ई रकान्यात उमटलेलं नाव मोठ्यानं वाचा. क्रमांक चुकला असेल तर समोरचा माणूस, ‘ते माझं नाही,’ असं तिथल्या तिथं सांगेल, त्याचं दूध कॅनमध्ये ओतायच्या आत.